रिकाम्या डब्याचा काटा

१

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. सहा दिवस जमीन थरथरत असते. सातव्या दिवशी ती स्वस्थ बसते आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येतो. गुलाम हुसेन मिस्त्री बारीक मापे शुक्रवारीच घेत. हादऱ्यात घेतलेले माप म्हणजे खोटी साक्ष, असे ते म्हणत. चाळीस वर्षे लूम बसवण्यात गेलेला माणूस असे म्हणतो तेव्हा ते ऐकावे.

सन एकोणीसशे एकोणनव्वदच्या कार्तिकातल्या त्या शुक्रवारीही जुम्म्याची नमाज आटोपून, घरी जेवून, त्यांनी सायकल काढली आणि ते टेमघरला काळूराम पाटलांच्या शेडमध्ये गेले. शेडमध्ये पूर्वी सोळा लूम होते. आता तेथे रुळांवर एक गाडी उभी होती.

गाडी म्हणजे एकच डबा. निम्मा डबा, निम्मे इंजिन. फार वर्षांपूर्वी एका लहानशा संस्थानात ती धावत असे. पुढे उभे बॉयलर, त्याला लागून सिलिंडर, आणि त्याच चौकटीवर मागे चोवीस माणसांची बाके. युक्ती चांगली होती, पण गाडीत बसवत नसे. दट्ट्याचा प्रत्येक धक्का थेट उतारूच्या मणक्यात जाई. लोकांनी बसणे सोडले, गाडी अडगळीत गेली, आणि अखेर एका भंगारवाल्याच्या वाड्यात ती काळूरामांच्या दृष्टीस पडली. काळूरामांच्या हौसेला लगाम नव्हता.

"मिस्त्री, मार्गशीर्षात माझ्या लेकीचं, कमळीचं लगीन हाय," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. "नवऱ्याकडच्या चोवीस बाया या गाडीत बसून रस्त्यापास्नं मांडवापर्यंत येतील. सहाशे फूट रूळ टाकलेत. कशेळीपर्यंत नाव झालं पायजे."

"हादऱ्यानं त्यांचे दात पडले तर?"

"म्हणून तर तुमाला बोलावलं. माझे तर आधीच पडलेत, माझ्यावर परीक्षा न्हाय होनार."

मिस्त्री हसले, पण त्यांनी एक अट घातली. "काळूशेट, गाडी चालवायची की नाही ते मी सांगणार. ज्याला मी बसवलं, तो त्याच्या ठिकाणी सुखरूप उतरेपर्यंत माझ्या गळ्यात. मी नाही म्हटलं तर लग्न खोळंबलं तरी चाक हलणार नाही."

काळूरामांनी हातावर हात मारला. शब्द दिला गेला. शब्द देणे सोपे असते. तो आपल्याकडून काय काय मागून घेईल, हे देताना दिसत नाही.

२

दोष कोठे आहे, हे शोधायला वेळ लागला नाही. इंजिन आणि माणसे एकाच चौकटीला जखडली होती. मिस्त्रींनी चौकट कापली. इंजिन आणि बॉयलर यांना स्वतंत्र चार चाकांचा गाडा दिला, आणि डब्याचे पुढचे टोक त्या गाड्यावर कमानींच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, आधाराने लोंबत्या कड्यांवर टेकवले. इंजिनाने काय थयथयाट करायचा तो आपल्या गाड्यात करावा, शेजाऱ्याला त्रास देऊ नये. माणसांनाही लागू पडावा असा हा नियम होता.

मग कमानी. लोखंडी पाट्यांच्या चळती त्यांनी सोडवल्या, घासल्या, तेल पाजले आणि पुन्हा बांधल्या. डब्याच्या बुडाशी एक लांब काटा बसवला. त्याचे टोक बाहेर एका फळीवर फिरे. डबा केसभर जरी खाली बसला तरी काटा बोटभर सरके. गुरुवारी पाळी सुटल्यावर शेजारच्या कारखान्यातले चोवीस कामगार बोलावून त्यांना एकेक करून डब्यात बसवले, आणि प्रत्येक माणसागणिक फळीवर एक रेघ ओढली.

सातव्याला काटा दोन रेघांची उडी घेऊन गेला.

"अय्यूबभाई, आधे उतरो," बाहेरून कोणी तरी ओरडले. अय्यूब हा मोठ्या पोटाचा जॉबर, म्हणजे लूमवरचा मुकादम. तो खिडकीतून म्हणाला, "काट्याला बोला, मोठ्या माणसाला मान देतो तो." त्याच्या जागी बघायला आलेल्या एका सुकटीसारख्या माणसाला बसवून रेघ दुरुस्त केली गेली. चोवीस रेघा झाल्या. सगळे हसत उतरले. काटा शून्यावर परतला, हे मिस्त्रींनी स्वतः पाहिले आणि शेडला कुलूप लावले.

आज शुक्रवारी कुलूप उघडले, तर काटा तीनवर होता.

नव्या बांधणीच्या कमानी थोड्या बसतात. मिस्त्रींनी असे मनाशी म्हटले, आणि ते खरेही होते. त्यांनी फळी सरकवून काटा शून्यावर आणला. सायंकाळी निघताना सहज पाहिले. काटा तीनवर होता.

३

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कडी आणि डबा यांच्या मध्ये कातडी चकत्या घातल्या. लूमवर धोट्याला टोला देणारा म्हशीच्या कातड्याचा ठोकळा असतो, त्याला पिकर म्हणतात. वर्षानुवर्षे टोले खाऊनही जे फाटत नाही त्याच कातड्याच्या त्या चकत्या होत्या. डबा आता हाताने ढकलला तर पाळण्यासारखा हले आणि लगेच थांबे.

शेड झाडायला ठकुबाई येत असे. साठीची बाई, कमरेत वाकलेली, जीभ मात्र सरळ. मिस्त्री गाड्याखाली बोल्ट आवळत होते तेव्हा ती वर डब्यात झाडू मारत होती, आणि तिचा आवाज खाली येत होता.

"पाय घ्या वर. घ्या. तुमी पन घ्या, बाबा."

मिस्त्री बाहेर आले. "ठकुबाई, कोणाशी बोलता?"

"कोनाशी न्हाय." ती दारात उभी राहिली. "गाडीत झाडू मारताना बोलायला लागतं."

"गाडी रिकामी आहे."

ठकुबाईने मान वळवून आत पाहिले. "हाय खरी. मंग मना सवय लागली आसंल." आणि ती स्वतःवरच खुदकन हसली. "म्हातारपनी ह्योच येक धंदा. भिंतीला बी बोलायचं."

ती गेल्यावर मिस्त्री डब्यात चढले. ऊन खिडक्यांतून आडवे आत येत होते आणि लाकडी तळ स्वच्छ चमकत होता. बाकांच्या पुढे मात्र धुळीचे लहान लहान चट्टे तसेच राहिले होते. जोडीजोडीने. झाडू त्यांना वळसा घालून गेला होता. मिस्त्रींनी जोड्या मोजल्या. अकरा.

ते खाली उतरले आणि काट्याकडे न पाहता हात धुतले, तोंड पुसले. मग पाहिले. भीती वाटणे हा माणसाचा दोष नाही. भीतीपोटी माप टाळणे हा दोष आहे. काटा अकरावर होता.

४

पुढच्या शुक्रवारी त्यांनी सकाळीच येऊन डबा जॅकवर उचलला. सगळ्या कमानी मोकळ्या केल्या, कड्या तपासल्या, बोल्ट मोजले. कोठे काही अडकलेले नव्हते. डबा हळूच खाली सोडला. काटा शून्यावर आला आणि थरथरही न करता तेथेच राहिला.

मिस्त्रींनी सुस्कारा टाकला. तेल वाळले असेल. हवा दमट, खाडी जवळ. त्यांनी थर्मासमधला चहा ओतला आणि खोक्यावर बसले. शेडमध्ये पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडले होते. बाहेर कोठे एक कोंबडा अवेळी आरवत होता. गावात एकही लूम चालू नव्हता.

डब्याच्या पायरीची फळी कुरकुरली.

परक्या अंगणात पाय ठेवताना माणूस जेवढा दबकतो, तेवढीच ती दबली आणि पुन्हा वर आली. मग आतला तळ बोलला, दोनदा. मग एक बाक. काटा एका रेघेने सरकला.

पायरी पुन्हा कुरकुरली.

मिस्त्रींचा चहा हातात निवला. त्यांनी दरूदची प्रार्थना म्हटली, आणि ओठ हलत असताना डोळे मोजत राहिले. कोणी घाई करत नव्हते. एकाचे बसून झाले की मगच दुसऱ्याची पायरी वाजे. तेराव्याला जरा वेळ लागला. पायरी दोनदा दबली, थांबली, आणि पुन्हा दबली. गुडघे दुखणारे माणूस असेच चढते.

एकोणिसावर सारे शांत झाले. आणि मिस्त्रींना ज्या गोष्टीने सर्वांत अस्वस्थ केले ती पुढे घडली: काहीच घडले नाही. डबा उभा राहिला. शाळा सुरू होण्याची वाट पाहत वर्ग बसावा, तसा.

५

घरी जैनबने ताट वाढले तेव्हा मिस्त्रींनी सगळे सांगितले. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोपासून काही लपवलेले नव्हते. लपवून उपयोगही झाला नसता.

जैनबने कोलीमची चटणी वाढली. "तुमी लोकांना बसायला सुखाचं केलंत, लोक बसले. त्यात नवल ते काय? घरातली खुर्ची मात्र तीन पायांवर आहे, तिकडं कोण फिरकत नाही."

"जैनब, थट्टा नको."

"थट्टा कुठं? खुर्ची खरंच तीन पायांवर आहे." मग तिने ताटावरून हात काढून घेतला. "किती झाले म्हणालात?"

"एकोणीस. अजून डबा न् गाडा जोडणाऱ्या दांड्यांना रबर लावायचं आहे. त्यानं आणखी मऊ बसेल."

"मग लावू नका."

हा सल्ला सरळ होता. मिस्त्रींनी तो पाळूनही पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा आणि गाडा यांच्या मध्ये लाकडी पाचरी ठोकल्या; गाडी पूर्वीसारखी ताठर झाली. पाचर पूर्ण बसेपर्यंत काटा शून्यावर आला. पाचरीने डबा उचलला की काटा शून्यावर येणारच, हे शाळेतले पोरही सांगेल. परंतु तो एकदम आला नाही. एक रेघ, पायरीची कुरकुर. एक रेघ, पायरीची कुरकुर. शेवटी राहिलेले एक वजन बराच वेळ उठले नाही. मग तेही उठले. पायरी दोनदा दबली.

मिस्त्री हातोडा घेऊन उभे राहिले. मशिदीत नमाजेच्या पहिल्या रांगेत, सफेत, बसलेल्या माणसाला खांदा धरून उठवल्यासारखे त्यांना वाटले, आणि आपल्या हाताची लाज वाटली.

त्यांनी पाचरी काढल्या. मग रबर लावले. काम अर्धवट ठेवणे त्यांना जमले नाही. संध्याकाळी काटा तेवीसवर होता.

६

लग्नाला आठ दिवस राहिले. मिस्त्री काळूरामांना घेऊन फळीसमोर उभे राहिले.

"काळूशेट, गाडी चोवीसांची आहे. तेवीस बसलेले आहेत."

"कोन बसलंय?"

"ते मला ठाऊक नाही. मला काटा ठाऊक आहे."

काळूराम धोतर सावरत डब्यात चढले, टोकापर्यंत गेले, परत आले आणि खाली उतरले. "रिकामी हाय," ते म्हणाले. मग त्यांनी टोपी काढून डोके खाजवले. "मिस्त्री, मी आत जाऊन राम राम कशापाई घातला?"

मिस्त्रींची नजर पायरीकडे गेली.

"आणि चपला का काढल्या मी?" काळूरामांनी खाली पाहिले. चपला पायरीपाशी नीट जोडीने ठेवलेल्या होत्या. त्यांनी त्या पायात सारल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू जागेवर होते, पण त्याला आधार राहिला नव्हता. "पाचर मारा. हादरंल तर हादरू दे. बाया वरडतील, पन मांडवात येतील."

"पाचर मारली की ते उठतात."

"बरंच की."

"उठून कुठं जातात ते दिसत नाही, काळूशेट. तुमच्या मांडवात गेले तर?"

काळूरामांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. लेकीचा बाप या प्रश्नावर विनोद करत नाही.

"मग न्हाय म्हनता?" त्यांनी हळूच विचारले. "रूळ काढू? सगळीकडं सांगून बसलोय मी."

येथे नाही म्हणणे मिस्त्रींना सोपे होते, आणि अट घालून तो हक्क त्यांनी अगोदरच मिळवलेला होता. त्यांनी एक रात्र मागून घेतली. रात्री ते शांत झोपले. विवेकाने विचारलेला प्रश्न झोपेआड येत नाही, भीतीने विचारलेला येतो. सकाळी नमाजेनंतर त्यांना उत्तर सापडले, आणि ते मिस्त्रीचेच उत्तर होते.

"कमान चोवीसांची आहे, एवढंच चुकतंय," त्यांनी काळूरामांना सांगितले. "अठ्ठेचाळीसांची करतो. ट्रकचे पाटे आणा. बसलेल्याला उठवायचं नाही, आणि बसणाऱ्याला पाडायचं नाही."

सात दिवस त्यांनी त्यावर काढले. कमानींत पाटे वाढवले, कड्या जाड केल्या, फळीवर आणखी चोवीस रेघा ओढल्या. सुताच्या पोत्यांनी अठ्ठेचाळीस माणसांचे वजन दोन वेळा तोलून पाहिले. आदल्या दिवशी सुताला खळ लावणाऱ्या साइझिंगच्या बॉयलरवर काम करणारा मजीद आला आणि त्याने वाफ धरली. मिस्त्रींनी मागच्या बाकावर पाण्याचा पेला काठोकाठ भरून ठेवला. गाडी मांडवापर्यंत गेली आणि परत आली. थेंब सांडला नव्हता. पेला मात्र रिकामा होता, आणि बाकावर पालथा घातलेला होता.

"चाचा," मजीद कपाळ पुसत म्हणाला, "खाली डब्बा है, और इंजिन ऐसा दम खा रहा है जैसे ईद का बाजार खींच रहा हो."

"पाण्याची वाफ कमी पडली असेल," मिस्त्री म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच आपण पुराव्याविरुद्ध बोललो याची त्यांनी मनात नोंद केली.

७

लग्नाची सकाळ निर्मळ होती. रस्त्यापाशी बँड वाजत होता. नवऱ्याकडच्या बायका जरीच्या साड्या सावरत, एकमेकींना ढकलत गाडीत चढल्या. पुढे लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण होती. चढता चढताच तिने धवला धरला होता.

"अगं, जागा हाय का?" मागून एकीने विचारले.

"हाय, हाय. सरका म्हनजे होतंय," आतून दुसरी म्हणाली.

शेवटी नवऱ्याची आत्या जानकीबाई चढली. ती दारातच थांबली, डब्यावरून नजर फिरवली आणि खाली मिस्त्रींकडे पाहून म्हणाली, "बाबा, ही तर भरलेली हाय." मग तिलाच नवल वाटले. समोरचे बाक मोकळे होते. ती हसली, अंग चोरून कडेला बसली आणि ओटीतली खोबऱ्याची वाटी मांडीवर घेतली. सगळ्याच बायका अंग चोरून बसल्या होत्या. चोवीस बायकांना पुरेल एवढ्या गाडीत त्या दाटीने बसल्या होत्या आणि कोणालाही त्याचे काही वाटत नव्हते.

मिस्त्रींनी काटा पाहिला. सत्तेचाळीस. कमानी ताठ होत्या. पाटा कुठे उलटा गेला नव्हता.

काळूराम दूर मांडवापाशी उभे होते. त्यांनी हात वर करून विचारले. मिस्त्रींनी बिस्मिल्ला म्हटले आणि हात वर केला.

गाडी निघाली. इंजिन पुढे आपल्या गाड्यात धडधडत होते आणि मागे डबा पाण्यावरच्या होडीसारखा जात होता. धवलारिणीचा आवाज एकदाही कापला नाही. सहाशे फूट संपले तेव्हा बायकांनी एकदमच "अजून एक फेरी" म्हणून गिल्ला केला, आणि काळूरामांनी सगळ्यांसमोर मिस्त्रींना मिठी मारली. त्यांच्या टोपीवरचा गुलाल मिस्त्रींच्या दाढीला लागला.

चोवीस बायका उतरल्या. मिस्त्रींनी त्या मोजून उतरवल्या. प्रत्येकीचा पाय जमिनीला लागलेला पाहिला. जानकीबाई सर्वांत शेवटी. मिस्त्रींचा शब्द पुरा झाला होता.

मग त्यांनी फळीकडे पाहिले. काटा तेवीसवर यायला हवा होता.

तो बावीसवर होता.

ते खाली बसले. काटा अडकला असेल म्हणून बोटाने हलवला. तो मोकळा होता, आणि पुन्हा बावीसवरच आला. मांडवात अक्षता पडल्या, लोक हसले, बँडने नवे गाणे धरले. बायकांच्या मागोमाग पायरी दोनदा दबली होती, हे मिस्त्रींना आत्ता आठवले. बँडच्या आवाजात त्यांनी ते आपल्या छातीतले मानले होते.

८

जेवून, विड्याचे पान घेऊन, दुपारी ते निघाले. सायकल स्टँडवरून काढताना ती जड लागली. मागचे चाक त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिले. हवा भरपूर होती. तरीही टायर जमिनीपाशी पसरला होता, कॅरिअरवर कोणी बसले की पसरतो तितकाच.

ऊन होते. वय झाले होते. जेवण जड होते. मिस्त्रींनी ही तीन कारणे एकापुढे एक मांडली, आणि तिन्ही खरी होती.

ते सायकलवर बसले नाहीत. हँडल धरून चालू लागले, खड्डे चुकवत, उतारावर ब्रेक धरत. रेल्वेच्या पुलाखाली रस्ता खडबडीत होता, तेथे ते थांबले आणि मागे न पाहता म्हणाले, "धरून बसा."

गल्लीत जैनब दारात सुपात डाळ पाखडत होती. नवऱ्याच्या दाढीतला गुलाल पाहून ती हसली. "नवरदेव कोण होता, तुमी की तो?"

मिस्त्री घरासमोर उभे राहिले. त्यांनी वाट पाहिली. सायकल हलकी झाली नाही. ज्याला मी बसवलं, तो त्याच्या ठिकाणी सुखरूप उतरेपर्यंत माझ्या गळ्यात: हे शब्द त्यांचेच होते, आणि त्यात किती माणसे मोजायची हे त्यांनी ठरवून घेतले नव्हते.

"आत या की," जैनब म्हणाली. "उन्हात काय उभे?"

"सोडून येतो," मिस्त्री म्हणाले.

"कोणाला?" ती हसतच होती. "कुठं?"

"सांगतील तिथं."

त्यांनी सायकल पुढे लोटली. चार पावलांवर त्यांनी मागे वळून पाहिले. जैनबने सूप खाली ठेवले होते. ती उभी राहिली होती, आणि दारावरून परका माणूस जाताना गल्लीतल्या बायका करतात तसा, तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला होता.